हवेत किती, जमिनीत किती? : पोहण्याच्या तलावाच्या गळतीचा शोध

खालापूर तालुक्यातील लोधिवली हे गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, चौकच्या परिसरात, पाताळगंगेच्या खोऱ्यात वसलेले आहे. या गावाच्या आसपास आणि एकूणच कर्जत-खालापूर भागात गेल्या काही दशकांत सुटीचे बंगले आणि शेतघरे पुष्कळ झाली. त्यांतील बऱ्याच बंगल्यांच्या आवारात पोहण्याचा छोटा तलाव असतो. मालक शनिवार-रविवारी येतात, एरवी राखणदार सगळे पाहतो. एप्रिल उजाडला, की राखणदाराची एक तक्रार ठरलेली असते, "साहेब, तलावाचं पाणी रोज उतरतंय." साहेब म्हणतात, "मामा, ऊन बघा किती आहे! वाफ होऊन जात असेल." गवंड्याला विचारावे, तर तो म्हणतो, "तलाव रिकामा करा, फरशी उखडून बघू."

या तिघांचेही म्हणणे खरे असू शकेल. पण तिघांपैकी कोणीच काही मोजलेले नाही. पाणी किती उतरले, त्यातले हवेत किती गेले आणि जमिनीत किती गेले, हे मोजल्याशिवाय वाद मिटणार नाही. त्यासाठी एक बादली, एक फूटपट्टी आणि शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान एवढी सामग्री पुरते. कशी, ते पाहू या.

आधी थोडा हिशेब

समजा, आपला तलाव १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे, आणि त्यात १४० सेंटिमीटर पाणी आहे. पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर झाले. पातळी १ मिलिमीटर उतरली, तर किती पाणी गेले? ५० × ०.००१ = ०.०५ घनमीटर, म्हणजे ५० लिटर. डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक मिलिमीटर, पण तो जवळजवळ तीन मोठ्या बादल्यांएवढा असतो.

समजा, राखणदाराने काठावर पेन्सिलीने खूण केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिले, तर पाणी १४ मिलिमीटर उतरलेले होते. म्हणजे एका दिवसात ७०० लिटर पाणी नाहीसे झाले. हे सगळे उन्हाने नेले असेल का?

सूर्य किती पाणी नेऊ शकतो?

पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. आपल्या हवेच्या तापमानाला १ किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लक्ष ज्यूल उष्णता खर्च होते. हीच बाष्पीभवनाची सुप्त उष्णता. मे महिन्यातील निरभ्र दिवशी आपल्याकडे एक चौरस मीटर सपाट जागेवर सूर्याकडून दिवसभरात साधारण २ कोटी २० लक्ष ज्यूल ऊर्जा पडते. ही सगळीच्या सगळी बाष्पीभवनात खर्च झाली असे धरले, तरी सुमारे ९ किलोग्रॅम पाण्याची वाफ होईल. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर म्हणजे बरोबर १ किलोग्रॅम. तेव्हा उन्हाच्या जोरावर पातळी फार तर ९ मिलिमीटर उतरेल.

प्रत्यक्षात काही ऊर्जा परावर्तित होते आणि काही रात्री आकाशाकडे परत जाते. उलट, कोरडा गरम वारा थोडी भर घालतो. त्यामुळे कडक उन्हाळ्यात रोज साधारण ५ ते ७ मिलिमीटर घट अपेक्षित धरावी. आपल्या तलावातून गेले १४ मिलिमीटर. संशयाला जागा आहे. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

बादलीची साक्ष

पुराव्यासाठी तुलनेचा प्रयोग करावा लागतो. न गळणारी एक बादली घ्या. तिच्यात तलावाचेच पाणी भरा. ती तरंगू नये म्हणून तळाशी दोन विटा ठेवा आणि ती तलावाच्या पायरीवर अशी ठेवा, की तिचा बहुतेक भाग तलावाच्या पाण्यात बुडालेला राहील. बादलीतील पाण्याची पातळी बाहेरच्या पाण्याएवढी करा. बादलीच्या आतून एक खूण करा आणि बाहेरून तलावाच्या पातळीची दुसरी खूण करा. पंप बंद ठेवा. चोवीस तास कोणीही पोहायला उतरू नये, कारण अंगाबरोबर आणि उडणाऱ्या पाण्याबरोबर काही लिटर सहज बाहेर जातात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. काही तलावांत पातळी उतरली, की गोळ्याच्या नळाने पाणी आपोआप भरले जाते. हा नळ आधी बंद केला पाहिजे. नाहीतर तलाव गळत राहील, नळ ओतत राहील आणि खूण जागची हलणार नाही. कित्येक गळत्या महिनोन् महिने लपून राहतात त्या अशाच.

बादली पाण्यातच का ठेवायची, अंगणात का नाही? अंगणातील बादली चहूबाजूंनी तापते आणि तिच्यातले पाणी तलावातल्या पाण्यापेक्षा लवकर आटते. हवामान खाते बाष्पीभवन मोजण्यासाठी १.२२ मीटर व्यासाचे उथळ पात्र वापरते. त्यातील घट मोठ्या जलाशयाला लावताना तिला साधारण ०.७ ने गुणावे लागते, त्याचे कारण हेच. तलावात बुडवलेल्या बादलीला तलावाचेच तापमान मिळते. ऊन तेच, वाराही जवळजवळ तोच. फरक एवढाच, की बादलीला गळती नाही.

चोवीस तासांनी, समजा, बादलीतील पाणी ६ मिलिमीटर उतरले आणि तलावातील १४. वजाबाकी करा. ८ मिलिमीटर पाणी हवेत गेलेले नाही. तलाव रोज ४०० लिटर गळतो आहे.

ग्रामीण भागात प्रत्येक माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जल जीवन मिशनचे प्रमाण आहे. म्हणजे सात माणसांचे पाणी रोज जमिनीत मुरते आहे. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत ते ४८,००० लिटर होते, दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर जवळजवळ पाच टँकर. आणि याच तालुक्यांतील डोंगराळ वाड्यांत मे महिन्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसलेल्या असतात. बंगल्यातील राखणदाराचे घरही कदाचित अशाच एखाद्या वाडीत असेल.

मिलिमीटर मोजायचा कसा?

पाणी थोडे हलत असते, शिवाय काठाला चिकटून ते किंचित वर चढते. त्यामुळे मिलिमीटर वाचताना चूक होते. यावर एक सोपी युक्ती आहे. ५० सेंटिमीटर लांबीची पट्टी पाण्यात तिरपी बसवा. तिचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा १० सेंटिमीटर उंच असू द्या. आता पातळी १ मिलिमीटर उतरली, की पाण्याची रेघ पट्टीवरून ५ मिलिमीटर सरकेल. मोजमाप पाचपट मोठे झाले! लाटांचा त्रास टाळायला पट्टीभोवती तळाशी भोके पाडलेला डबा ठेवा. आतले पाणी शांत राहते.

पंप बंद, पंप चालू

गळती आहे हे ठरले. आता ती कोठे आहे? बादलीचा प्रयोग दुसऱ्या दिवशी पंप चालू ठेवून पुन्हा करा.

पंप तलावातले पाणी ओढतो, गाळणीतून पुढे ढकलतो आणि नळांवाटे परत तलावात सोडतो. पंपाच्या पुढच्या नळांत दाब वाढलेला असतो. तेव्हा पंप चालू असताना गळती वाढली, तर दोष बहुधा या परतीच्या नळांत आहे. पंपाच्या मागच्या, ओढणाऱ्या नळांत दाब वातावरणापेक्षा कमी होऊ शकतो. तेथे चीर असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि परतीच्या तोंडातून पाण्याबरोबर बुडबुडे येतात. दोन्ही दिवशी गळती सारखीच आली, तर नळ बहुधा निर्दोष आहेत आणि तलावाच्या भिंती, तळ किंवा त्यांत बसवलेल्या वस्तू तपासायला हव्यात.

नळ जमिनीखाली असतील तर कान मदतीला येतो. दाबाखालचे पाणी फटीतून सुटताना सुंऽऽ असा आवाज करते. पाणीपुरवठ्यातील अनुभवी माणसे रात्रीच्या शांततेत लोखंडी सळई जमिनीवर टेकवतात आणि तिचे दुसरे टोक कानाशी धरतात. ध्वनी हवेपेक्षा लोखंडातून किती चांगला जातो, हे तुम्ही बाकावर कान टेकवून अनुभवले असेलच.

छिद्र कोणत्या उंचीवर?

समजा, पंप चालू असो वा बंद, गळती ८ मिलिमीटरच आली. आता टोरिचेलीची मदत घेऊ. गॅलिलिओच्या या शिष्याने सतराव्या शतकात दाखवून दिले, की छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग, छिद्रावर पाण्याची जी उंची असते तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. सूत्र आहे वेग = √(२ × g × उंची). म्हणजे गळतीचा वर्ग केला, तर तो थेट उंचीच्या प्रमाणात असला पाहिजे. याचा उपयोग पाहा.

तलावात १४० सेंटिमीटर पाणी असताना रोजची गळती ८ मिलिमीटर; तिचा वर्ग ६४. आता २० सेंटिमीटर पाणी काढून बागेला द्या. पातळी १२० वर आली. पुन्हा बादलीचा प्रयोग करा. समजा, गळती आली ६.२ मिलिमीटर, तिचा वर्ग सुमारे ३८. पातळी २० सेंटिमीटर उतरली, तेव्हा वर्ग २६ ने घटला. उरलेले ३८ शून्यावर यायला पातळी आणखी किती उतरावी लागेल? ३८ ÷ २६ × २० = सुमारे ३० सेंटिमीटर. म्हणजे गळती तळापासून साधारण ९० सेंटिमीटर उंचीवर थांबेल, आणि छिद्र त्याच उंचीवर आहे!

आलेख कागदावर हे बिंदू मांडून पाहा. तिसरे मोजमाप १०५ सेंटिमीटरवर घेतले, तर खात्री पटेल. तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत आले, तर छिद्र आहे. वर्ग न करता नुसती गळतीच सरळ रेषेत आली, तर पाणी अगदी बारीक भेगांतून झिरपते आहे, कारण झिरपण्याचा वेग उंचीच्याच प्रमाणात असतो. दोन-तीन ठिकाणी गळती असेल, तर रेषेला मध्येच कोन पडेल.

ज्यांना एवढे गणित नको, त्यांनी नुसती वाट पाहावी. पाणी उतरत उतरत जेथे गळती थांबेल, त्या रेषेवर छिद्र शोधावे. पण त्यात आठवडेच्या आठवडे आणि हजारो लिटर पाणी जाते.

छिद्र केवढे असेल? त्याच्यावर ५० सेंटिमीटर पाणी असताना वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर येतो. प्रवाह छिद्रातून जाताना आकसतो, म्हणून उत्तराला ०.६ ने गुणतात. या हिशेबाने १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून दिवसाला सुमारे १२७ लिटर पाणी जाते. आपले ४०० लिटर जायला पावणेदोन मिलिमीटरचे छिद्र पुरे. जाड दाभणाचे टोक एवढेच असते! मग त्यासाठी सगळी फरशी उखडायची?

रंगाची पिचकारी

तळापासून ९० सेंटिमीटरवर, म्हणजे पाण्याखाली अर्ध्या मीटरवर, भिंतीत काय काय आहे ते पाहा. बहुधा पाण्याखालचा दिवा याच उंचीवर बसवलेला असतो. दिव्यामागच्या कोनाड्यातून विजेची तार एका नळीतून बाहेर जाते, आणि ही नळी गळतीची नेहमीची जागा आहे.

तपासण्यापूर्वी दिव्याचा वीजपुरवठा मुख्य फलकावरूनच तोडावा. ही अट कधीही मोडू नये. पंपही बंद ठेवावा आणि पाणी निवू द्यावे. मग खाण्याचा रंग तलावाच्याच पाण्यात मिसळून सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीत भरावा आणि संशयित जागेजवळ हळूच सोडावा. तेथे छिद्र असेल, तर रंगाचा धागा सरळ आत ओढला जातो.

पिचकारी जागेच्या अगदी जवळ धरावी लागते. छिद्राकडे पाणी अर्धगोलातून गोळा होते, म्हणून अंतर दुप्पट झाले, की वेग चौथाई होतो. आपल्या गळतीत दर सेकंदाला सुमारे ४.६ घनसेंटिमीटर पाणी जाते. छिद्रापासून १ सेंटिमीटरवर पाण्याचा वेग सेकंदाला पाऊण सेंटिमीटरच्या आसपास असेल, पण ५ सेंटिमीटरवर तो अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. तेथे सोडलेला रंग नुसता पसरत राहील. म्हणूनच आधी उंची काढायची आणि मग रंग वापरायचा.

दुरुस्ती

जागा सापडली, की दुरुस्ती लहानच असते. नळीच्या तोंडाशी पाण्याखालीही घट्ट होणारी इपॉक्सीची लांबी दाबून बसवतात. हे काम जाणत्या वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे. भिंतीतील भेग असेल, तर ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोदून, घासून स्वच्छ करतात आणि झटपट घट्ट होणारे जलरोधक सिमेंट भरतात. वरवर लेप दिला, तर तो टिकत नाही. जमिनीखालचा नळ फुटला असेल, तर तेवढाच भाग उकरून बदलतात.

यानंतर पाणी पुन्हा १४० वर आणून बादलीचा प्रयोग पुन्हा करावा. तलाव आणि बादली सारखीच उतरली, की दुरुस्ती झाली असे समजावे.

पावसाळ्यात तलाव रिकामा करू नका

"तलाव रिकामा करू" हा सल्ला पावसाळ्यात धोक्याचा आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात भूजल पुष्कळ वर येते. समजा, ते तलावाच्या तळापेक्षा १ मीटर वर चढले. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे रिकाम्या तलावावर ५० × १ = ५० घनमीटर पाण्याच्या वजनाएवढे, म्हणजे ५० टनांचे बल वरच्या दिशेने लागेल. १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचा आपला तलाव भरतो सुमारे ३४ टन. जहाज तरंगते तसा तलाव वर उचलला जाईल, आणि मग नळ तुटतील, तळाला तडे जातील. भरलेला असताना आतल्या पाण्याचे वजन त्याला जागेवर दाबून ठेवते.

पावसाळ्यात गळतीही फसवी असते. बाहेर भूजल आणि आत तलाव यांच्या पातळीत फरक उरला नाही, तर पाणी वाहणार कशाने? गळती थांबल्यासारखी वाटते आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरू होते. म्हणून हा शोध नोव्हेंबर ते मे या काळातच घ्यावा.

पाण्याबरोबर मातीही जाते

गळतीचा धोका पाण्याच्या नासाडीपुरता नसतो. वाहणारे पाणी आपल्याबरोबर बारीक माती नेते. भिंतीमागे पोकळी होते, पोकळीने नवी भेग पडते आणि गळती वाढते. मातीच्या धरणावर म्हणूनच झिरपणारे पाणी मोजतात आणि ते गढूळ तर नाही ना, हे पाहतात. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. धरण गळते आहे, ही तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

गळती थोपवण्याची विद्या मात्र फार जुनी आहे. मोहेंजोदडोचे स्नानगृह सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीचे. ते जवळजवळ १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे, म्हणजे आपल्या तलावाहून मोठेच. त्याच्या विटा जिप्समच्या गाऱ्यात घट्ट बसवल्या होत्या आणि मागे डांबराचा थर दिला होता. आपल्याच जिल्ह्यात, रायगड किल्ल्यावरचा हत्ती तलाव दीर्घकाळ पाणी धरत नव्हता. रायगड विकास प्राधिकरणाने त्याची गळती काढण्याचे काम केल्यावर २०२० च्या पावसाळ्यात तो काठोकाठ भरला.

शाळेत करून पाहा

तुमच्या शाळेत पोहण्याचा तलाव नसेल, पण पाण्याची टाकी नक्कीच असेल. टाकी झाकलेली असली, तर बाष्पीभवन नगण्य असते आणि बादलीचीही गरज नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या देखरेखीखाली टाकीत येणारा आणि जाणारा नळ बंद करा, पातळीची नोंद घ्या आणि सोमवारी सकाळी पुन्हा मोजा. टाकीची लांबी-रुंदी घेऊन गेलेले लिटर काढा, त्याला ५५ ने भागा आणि जे उत्तर येईल ते सूचनाफलकावर लिहा. शून्य आले, तर तेही लिहा. मग दुसऱ्या आठवड्यात जाणारा नळ उघडा ठेवून, खालच्या सर्व तोट्या बंद करून तोच प्रयोग करा. या खेपेस पातळी पहिल्या वेळेपेक्षा जास्त उतरली, तर ही जादा गळती टाकीत नसून नळांत किंवा तोट्यांत आहे. कोणत्या तोटीत, ते शोधून काढणे तुमच्यावर सोपवतो.